बेचाळीस किलोमीटरनंतर

"उठा. बूट घाला अन् निघा घराबाहेर."

प्रियदर्शनीने नवऱ्याच्या अंगावरची गोधडी ओढली आणि लगेच घडी करून वळणीवर टाकली, म्हणजे पुन्हा पांघरायची सोयच राहायला नको.

रत्नपाल डोळे चोळत उठून बसला. जानेवारीतली पहाट होती. धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा पत्र्याच्या फटीतून घरात शिरत होता.

"काहून? झालं काय?"

"मॅरेथॉनहून आले तवापासून तुमी पळून नाही राहिले. अन् तवापासून आमचा जीव खाऊन राहिले. काल राणीला गणितावरून बोलले, परवा आईला मिठावरून. मला तर रोजच. त्यापेक्षा पळा. कुठं बी पळा."

चुलीपाशी बसलेली त्याची आई, जनकाबाई, विस्तव पुढे सारत म्हणाली, "बराबर बोलून राहिली ती. मेडल भेटेस्तोवर तू माणसात होता रे बाबा."

रत्नपाल खंदारे म्हणजे सिद्धेश्वर गावचा वायरमन. आसपासच्या गावांत कुणाची लाईट गेली, कुठली डीपी जळाली, की पहिला फोन त्यालाच. चाळिशी ओलांडल्यावर एकदा खांबावर चढताना त्याला अशी धाप लागली, की अर्ध्यातच बेल्टला टेकून तो लटकून राहिला. औंढ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि रोज चालायला लावलं. चालता चालता तो पळायला लागला. कालव्याच्या कडेच्या मुरमाड रस्त्यावरून हाफपँट घालून पळणारा वायरमन पाहून लोक पोट धरून हसले. "वायरमन, करंट मागं लागला का?" म्हणून ओरडले. तो पळत राहिला आणि नोव्हेंबरात संभाजीनगरच्या मॅरेथॉनमध्ये बेचाळीस किलोमीटर पळून आला. शेवटी शेवटी पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तो बसला नाही. गावात परतला तेव्हा फाट्यावर हलगी वाजत होती. विहारासमोर त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, आणि करंटची थट्टा करणाऱ्यांनीच त्याला खांद्यावर उचललं.

पुढच्या आठवड्यात जे झालं ते मात्र त्याला कुणाला सांगता आलं नाही. पहाटे बूट घालून तो कालव्यावर गेला, थोडं पळाला आणि मध्येच उभा राहिला. पाय दुखत नव्हते. दम लागला नव्हता. फक्त कशासाठी पळायचं, तेच कळेना. इतके महिने डोळ्यांपुढे एक तारीख होती. ती येऊन गेली होती. लग्न उरकल्यावर रिकाम्या मांडवात उभं राहिल्यासारखं त्याला वाटलं. कनाती तशाच, माणसं मात्र निघून गेलेली. तो चालतच घरी आला. दुसऱ्या दिवशी थंडी फार होती, तिसऱ्या दिवशी फोन आला. रब्बीचे दिवस; गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळीच लाईट जायची. निमित्तांना काही तोटा नव्हता.

"पळून तरी काय करू आता?" तो अंथरुणावरूनच म्हणाला. "व्हायचं ते झालं की."

"तुमचं झालं." प्रियदर्शनी त्याच्यासमोर खाली बसली. "माझं काय?"

रत्नपाल गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"तुमी पळायला जात होते तवा पाणी मी भरलं. शेळ्यांचं मी केलं. तुमचे फोन मी उचलले. वायरमन कुठं गेले, पळायला गेले. लोक दात काढायचे, मी ऐकून घ्यायचे. मला त्याची तकलीफ नव्हती. आपल्या माणसाला काहीतरी करून दाखवायचंय, करू द्या म्हणलं. आता मला करायचंय. एक तारखेला मला रुजू व्हायचंय. किती वेळा म्हणलं गाडी शिकवा. दर वेळेला उद्या."

ती बरीच वर्षं गावची आशाताई होती. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायची, लेकरांच्या लसी चुकू द्यायची नाही. आता तिची गटप्रवर्तक म्हणून निवड झाली होती. आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या आशाताईंच्या कामावर तिला देखरेख करायची होती आणि त्यातल्या निम्म्या गावांना धड एसटी नव्हती. भावाने त्याची जुनी स्कूटी दिली होती. ती घरामागे प्लॅस्टिकखाली उभी होती. शिकाऊ लायसन प्रियदर्शनीने कधीच काढून ठेवलं होतं. शिकणंच तेवढं राहिलं होतं. फिरता आलं नाही तर जागा दुसरीला जाणार, हे तिला दवाखान्याच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

रत्नपालला हे सगळं माहीत होतं. माहीत असून त्याने ते ऐकलं नव्हतं. तो उठला, दाराआडचे बूट झटकले, पायात घातले.

"चल."

"कुठं?"

"कालव्यावर. गाडी काढ."

"आत्ता? अजून चहा..."

"चहा करते मी," जनकाबाई म्हणाली. "जा तू आधी. त्याचं मन फिरायच्या आत जा."

कालव्याचा रस्ता सरळ होता, पण प्रियदर्शनीला तो पहिल्या दिवशी सरळ वाटला नाही. ती घाबरली की ब्रेक दाबायच्या ऐवजी मूठ पिळायची. रत्नपाल मागचा दांडा धरून पळत होता. "हळू... हळू म्हणलं ना!" असं तो म्हणेपर्यंत स्कूटी रस्ता सोडून किसनसिंग राठोडच्या हरभऱ्यात घुसली. किसनसिंग फावडं घेऊन पाटाचं पाणी वळवत होता. त्याने फावडं खाली टाकलं आणि कमरेवर हात ठेवून हसला.

"वहिनी, रस्ता तिकडं राहिला! अन् वायरमन, ही कोणती मॅरेथॉन हो?"

"घरची हाय," रत्नपाल धापा टाकत म्हणाला. "हिला मेडल न्हाई."

घरच्या या मॅरेथॉनने त्याचा घाम काढला. संभाजीनगरला वेग त्याच्या पायांत होता. इथे तो प्रियदर्शनीच्या मनगटात होता. ती मुंगीसारखी चालवायची आणि एकाएकी अशी सुटायची, की त्याला जीव तोडून पळावं लागायचं. मग कचकन ब्रेक, आणि त्याचा गुडघा नंबरप्लेटवर. घरी आल्यावर तो चुलीपाशी बसला आणि गरम भाकरी ठेच्याबरोबर खात सुटला. आणखी एक मागितली. मीठ कमी का जास्त, काही बोलला नाही. नववीतल्या लेकीने, राणीने, आजीकडे पाहिलं, आजीने राणीकडे.

मग हे रोजचंच झालं. आपण पुन्हा पळायला लागलो, हे रत्नपालच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच असायचं, की आज हिला वळण जमलं पाहिजे, आज समोरून ट्रॅक्टर आला तर हिने घाबरलं नाही पाहिजे. एका पहाटे निघता निघता फोन आला. पलीकडच्या गावची डीपी गेली होती. महिनाभरापूर्वी असा फोन आला की त्याला सुटल्यासारखं वाटायचं. आज तो चिडला.

"जा तुमी," प्रियदर्शनी म्हणाली. "लोकांची पिकं वाळून राहिली. पण संध्याकाळी यायचं."

दिवसभर खांबावर काढून तो संध्याकाळी आला आणि हातपाय धुवायच्या आधी बूट घालून उभा राहिला. घाई नडली. कालव्याच्या दारापाशी रस्ता एकदम उतरतो. उतारावर गाडीचं चाक मुरमावरून सरकलं, दांडा त्याच्या हातून निसटला आणि प्रियदर्शनी स्कूटीसकट आडवी झाली. कोपर सोलवटलं, गुडघ्याला लागलं, गाडीचा आरसा फुटला. तिने त्याला हात लावू दिला नाही. तिथेच धुळीत बसून म्हणाली, "न्हाई जमत मला. होऊ द्या दुसरी कुणी गटप्रवर्तक. मी आपली आशाच बरी."

रत्नपालने गाडी उभी केली आणि ढकलत घरी आणली. ती त्याच्यामागून लंगडत आली. वाटेत कुणी काही विचारलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

जनकाबाईने हळद कालवली. सुनेचं कोपर मांडीवर घेतलं आणि हळूहळू लावायला लागली.

"मला सायकल शिकायची लई हौस होती," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्याची होती ना काळी सायकल. एकदा त्याला म्हणलं, मला शिकवा. तो हसला. दुसऱ्या दिशी सायकल बाजारात इकली अन् शेळी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. पण बाईमाणसाला असं काही वाटतं, हे त्याच्या डोक्यातच आलं न्हाई."

प्रियदर्शनीने वर पाहिलं. इतकी वर्षं या घरात काढून हे तिने कधी ऐकलं नव्हतं. रत्नपालनेही नाही. तो दारात उभा होता.

"तू पडली तर गाडीवरून पडली," जनकाबाई म्हणाली. "तुझ्या मागं नवरा पळून राहिला, साऱ्या गावादेखत. माझ्या मागं कोण पळालं बाई? उद्या जायचं. दुखलं तरी जायचं."

सकाळी रत्नपाल उठला तेव्हा प्रियदर्शनी अंगणात स्कूटीवर बसलेली होती. कोपराला फडकं बांधलेलं, डोक्याला स्कार्फ घट्ट आवळलेला. तो मागे गेला, दांडा धरला. कालव्याच्या दारापाशी पोहोचल्यावर तिने गाडी थांबवली. समोर तोच उतार होता.

"हात सोडा," ती म्हणाली.

"पडशील."

"तुमी धरता म्हणून पडते. तुमी दमले की गाडी मागं वढली जाते अन् माझा तोल जातो. कधीचं सांगीन म्हणते. सोडा."

त्याने दांड्यावरची बोटं एकेक करून उचलली. तिने श्वास घेतला, मूठ हळूच पिळली. गाडी उतारावरून खाली गेली, खाली जराशी डगमगली, सावरली आणि सरळ रस्त्याला लागली. रत्नपाल पळाला. आधी तिच्या बाजूने, मग मागून, मग नुसता तिच्या दिशेने. एवढ्या जोरात तो संभाजीनगरलाही पळाला नव्हता. आरसा फुटलेला होता, त्यामुळे तिला मागचं दिसत नव्हतं, आणि तिने मान वळवूनही पाहिलं नाही. उसाच्या फडाआड गाडी दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

तो पळतच राहिला. आणि मग पुन्हा आवाज आला. समोरून प्रियदर्शनी येत होती. हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, वाऱ्यामुळे असेल.

"कुठवर गेली होती?" त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"पुलावर. आणखी पुढं जाणार होते. मग म्हणलं, तुमी एकटेच राहिले मागं."

बांधावरून किसनसिंगने जोरात शिट्टी वाजवली. रत्नपाल गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि हसायला लागला. छाती भात्यासारखी हलत होती, सदरा पाठीला चिकटला होता, आणि मॅरेथॉनची शेवटची रेघ ओलांडतानाही झाला नव्हता एवढा आनंद त्याला झाला होता.

एक तारखेला प्रियदर्शनी रुजू झाली. स्कूटीवरून गेली आणि स्कूटीवरून आली. साहेबांनी विचारलं, "जमेल ना फिरायला?" तिने खिडकीतून खाली उभी केलेली गाडी दाखवली.

घरातली कामं मग आपोआप इकडची तिकडे झाली. पाणी आता रत्नपाल भरतो. पळून आला की शेळ्यांचं करतो. त्याने केलेली भाजी पहिल्या दिवशी कुणाला खाववली नाही. मिठाविषयी राणी एक शब्द बोलली नाही, पण आजीकडे पाहून गालातल्या गालात हसली. तो पळायला गेला की फोन प्रियदर्शनी उचलते, ती मीटिंगला गेली की तिचे फोन तो उचलतो. "ताई कुठं गेल्या?" "ड्युटीवर." हे सांगताना त्याचा आवाज उगाच मोठा होतो.

कधी कधी रात्रपाळीसारखं काम होतं आणि पहाटे अंग उठत नाही. तेव्हा तो निजतो. पण दुसऱ्या दिवशी जातो. टपरीवरची पोरं विचारतात, "वायरमन, आता कोणत्या मॅरेथॉनची तयारी?"

"कोणत्याच न्हाई."

"मग काहून पळून राहिले?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने जरा विचार केला होता. आता तो लगेच सांगतो, "न्हाई पळालो तर घरचे हाकलून देतात." पोरं हसतात. त्यालाही हसू येतं. पण पळताना ऊस पालवलेला दिसतो, धरणाच्या पाण्यावर बगळे उतरलेले दिसतात, खांबावरच्या तारा उगवत्या उन्हात सोन्यासारख्या होतात, आणि पुढे कुठलीही तारीख नसते. हे त्या पोरांना काय सांगायचं?

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो असाच पळत होता. मागून हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. त्याने वळून पाहिलं. प्रियदर्शनीला औंढ्याला लवकर पोहोचायचं होतं. डोक्यावर हेल्मेट, पुढे पायांत औषधांची पिशवी, पाठ ताठ.

"सरका हो वायरमन!" ती ओरडली. "रस्ता काय तुमचा एकट्याचा हाय? कडेनं पळा!"

तो कडेला सरकला. गाडी त्याच्या अंगावर वारा टाकत पुढे गेली. हेल्मेटखालून निघालेलं स्कार्फचं टोक फडफडत होतं. मुरमाचा तांबूस धुरळा उठला आणि त्याच्या घामावर, ओठांवर बसला. त्याने तो पुसला नाही. त्या धुरळ्यातूनच तो पळत राहिला.