बेबी मार्डेलचा खोटा दात

मी एक जुना दात आहे, मित्रांनो. मला कधी कीड लागली नाही की मी कधी ठणकलो नाही, कारण मी मुळातच खोटा! हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या दंतवैद्याने मला चिनी मातीतून घडवले, पातळ पट्टीवर बसवले आणि मार्डेल क्विग्ली नावाच्या मुलीच्या तोंडात दिले.

मार्डेल सिनेमात काम करायची. पोस्टरवर तिचे नाव ‘बेबी मार्डेल’ आणि वय पाच. खरे वय सात. अर्धा सिनेमा झाला आणि तिचा पुढचा दुधाचा दात पडला. आता दारातून येताना दात आहे आणि खुर्चीत बसताना नाही, असे कसे चालेल? म्हणून मी आलो. काय तो माझा थाट! वर्तमानपत्रांत छापून आले, ‘बेबी मार्डेलचे मोत्यासारखे दात.’ मी फुगून गेलो, खोटे कशाला सांगू?

पण मार्डेलला मी नको होतो. नेब्रास्काहून तिच्या आजीचे पत्र आले होते. ‘पोरी, दात पडला म्हणे! बोळक्या तोंडाचा एक फोटो धाड. मला आता आगगाडीचा प्रवास झेपत नाही.’ ते पत्र ती फ्रॉकच्या खिशात घेऊन फिरायची.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने मला काढून कागदी रुमालात गुंडाळले आणि जेवण झाल्यावर रुमाल सरळ कचऱ्यात टाकला. झाले! शूटिंग ठप्प. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. दिवेवाले उष्ट्याखरकट्यात हात घालून मला शोधू लागले.

“हिरोइन हजर, दात रजेवर!” त्यांच्यातला एक म्हणाला.

“हसू नका हो,” मार्डेलची आई कळवळली. “हिचं काम गेलं तर आम्ही कुठं जायचं?”

सिनेमातल्या मुलांना रोज तीन तास शिकवलेच पाहिजे, असा तिथला कायदा. तेवढा वेळ मुलीवर हुकूम चालायचा तो शिक्षिकेचा. टॉलिव्हर बाईंनी घड्याळ पाहिले. “चल गं, शाळा भरली.” मागच्या अंगणात नेऊन त्यांनी पिशवीतून आपला कॅमेरा काढला. “आजीसाठी हास बघू!”

कचऱ्याच्या डब्यातून मी ते हसू ऐकले. माझ्यासोबत ती तशी कधीच हसली नव्हती. मी निसटेन या धाकाने ओठ आवरून हसायची बिचारी.

मग मी सापडलो. जाहिरात बघणाऱ्या साहेबांना फोटोचीही कुणकुण लागली.

“पाच वर्षांच्या पोरीचे दात पडत नाहीत, बाई. रोल इकडे द्या.”

“रोल माझा आहे. नाही देणार.”

तेव्हा मार्डेलची आईच पुढे झाली. तिने बाईंच्या हातातून रोल घेतला आणि साहेबांना दिला. त्यांनी तो तिथेच उन्हात उलगडून फोटो वाया घालवला. मार्डेल बघत होती. रडली मात्र नाही, कारण डोळे सुजले असते आणि पुढचा प्रसंग वाढदिवसाचा होता.

आजी त्याच हिवाळ्यात गेली. त्यानंतर मोत्यांचे कौतुक मला कधी गोड लागले नाही.

माझ्या जागी खरा दात डोकावू लागला, तेव्हा दंतवैद्याने मला दोनदा कानस लावली. तरी शेवटी मी बसेनाच. काही वर्षांत मार्डेललाही कुणी बोलावेना. मोठी झाली, एवढाच तिचा गुन्हा. मी खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जाऊन पडलो, आणि वर्षानुवर्षे पडूनच राहिलो.

अलीकडेच एकदा डबी उघडली. मार्डेलची नात टेस पुढचा दात पाडून घेऊन आली होती. “आजी, उद्या शाळेत फोटो आहे. हा मला दे ना! सगळे चिडवतात गं.”

मार्डेलने मला बराच वेळ तळहातावर धरले. “त्या वर्षीचे माझे ढीगभर फोटो आहेत, बाळा. सगळ्यांत हा आहे. मी एकातही नाही.” तिने मला परत डबीत टाकले. “तू आपली तोंड भरून हास. कोण चिडवतंय ते बघते मी!”

मित्रांनो, लहान मुलांना त्यांच्या त्यांच्या वेळेला मोठे होऊ द्या. त्यांची खिंडारे बुजवू नका, ती आपोआप भरतात.

टेसचा फोटो आता माझ्या डबीशेजारी उभा आहे. मार्डेल रोज सकाळी त्याच्यासमोर येते आणि कवळी लावायच्या आधी बोळक्या तोंडाने खदखदून हसते. डबीतून मला ते ऐकू येते. कचऱ्याच्या डब्यातून ऐकले होते, अगदी तेच हसू.