ओढ्यातून वर आलेला पाइप

मित्रांनो, ओढ्याकाठी गंजत पडलेला हा जुना लोखंडी पाइप मीच. जाता-येता लोक माझ्यावर थुंकतात. थुंकू द्या, पण माझं ऐका. ज्याच्यासाठी सांगतोय, त्याचं तर कुणीच ऐकलं नाही.

केज तालुक्यातल्या आमच्या गावाला नळ आले, त्या उन्हाळ्यात सटवा आणि त्याची बायको सारजाबाई यांनी ओढ्याच्या वाळूत माझ्यासाठी चर खणला. सकाळी खणावं, दुपारी वाळू ढासळावी. की पुन्हा खणा! शेवटी चरात उभ्या सटवाचा फेटासुद्धा काठावरून दिसेना, तेव्हा कुठे त्यानं मला खाली ठेवलं. गावात पाणी पोहोचलं त्या दिवशी सरपंच अर्जुनरावांनी त्याची पाठ थोपटली. मलाही किती बरं वाटलं, काय सांगू!

मग त्र्याण्णव सालची ती पहाट आली. किल्लारीकडे धरणी हादरली, तिचे हिसके आमच्यापर्यंत आले. पाण्यानं गच्च भिजलेली वाळू पिठल्यासारखी पातळ झाली. पाणी चढवणारी मोटार बंद होती, म्हणून मी आतून रिकामा. रिकामी घागर पाण्यात दाबली तर खाली राहते का? तसाच मी वर आलो. हादरे थांबले, वाळू पुन्हा घट्ट झाली आणि मी सांधे निखळून उघडा पडलो.

उजाडल्यावर सारा गाव जमला.

"का रं सटवा, वरच्यावर पुरलास व्हय?" अर्जुनरावांनी विचारलं.

"न्हाई मालक, पुरुषभर खणलं व्हतं."

"मग ह्यो काय उंदीर हाय, आपल्या पायानं वर यायला?"

लोक हसले. मला ओरडावंसं वाटलं, पण आवाज कुठून आणू? सटवाच्या विरुद्ध पुरावा म्हणून मीच तिथं पडलो होतो. त्यानंतर त्याला कुणी साधा खड्डा खणायलाही बोलावलं नाही. नवा पाइप दुसऱ्यांनी टाकला आणि मला काठावर फेकलं.

एका संध्याकाळी सटवा माझ्यावर येऊन बसला. मागून सारजाबाई सरपणाचा भारा घेऊन आली.

"उथळच गेलं असंल, सारजे," तो म्हणाला. "समदा गाव म्हणतोय."

तिनं भारा खाली टाकला. "त्या चरातली वाळू मी डोक्यावर वाहिलीय. गावानं तुमाला खोटं पाडलं, आता तुमी मला पाडता व्हय?"

सटवानं तो भारा उचलला आणि खालमानेनं घराची वाट धरली.

मित्रांनो, पुरलेलं काही वर आलेलं दिसलं, तर पुरणाऱ्याला कामचुकार म्हणण्याआधी जरा थांबा. खालची जमीन कशी हलली, ते आधी बघा. सटवासाठी कुणी थांबलं नाही. तो आता या जगात नाही, आणि चूक आपलीच होती असं मानतच तो गेला.