चांगुणा जिना चढली की

छातीत यंत्र बसवून मी अकोल्याहून पिंपळगाव राजाला परत आलो, तेव्हा माझ्या घरी बघ्यांची जी रांग लागली, तशी माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात ऐन हंगामातही कधी लागली नव्हती. डाव्या खांद्याच्या जरा खाली कातडीआड काडेपेटीएवढा उंचवटा दिसायचा. तो पाहायला माणसं यायची, आणि चहा घेतल्याशिवाय जायची नाहीत. पहिला मान अर्थातच शेजारच्या शेषरावचा होता. त्यानं चष्मा पुसून उंचवटा नीट पाहिला.

"देवानंदभाऊ, हे चार्जिंगले कधी लावा लागते?"

"लावा नाई लागत. सेल आतच हाय. वर्षानुवर्षं चालते."

"आन माणूस गेल्यावर?"

"गेल्यावर काय?"

"चालूच राह्यते का ते?"

माझ्या बायकोनं, चांगुणानं, चहाची कपबशी त्याच्यासमोर अशी आपटली की त्यानं तो विषय तिथंच चहाबरोबर पिऊन टाकला.

यंत्र बसलं म्हणजे चक्कर गेली, अशी माझी समजूत होती. दुकानात बिघडलेली मोटार नवी तार भरून दिली की गिऱ्हाईक पुन्हा त्याच तक्रारीसाठी येत नाही. पण माझी चक्कर आली. बसल्या जागी छातीत धडधड सुरू व्हायची, मधेच एखादा ठोका गाळल्यासारखा व्हायचा, मग भिंत हळूच एका बाजूला कलायची. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी यंत्राची सगळी नोंद पाहून ते उत्तम चालू असल्याचं सांगितलं. "यंत्राचं काम इतकंच, की ठोके कमी पडू द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "हृदय आपणहून पळायला लागलं, तर पळणाऱ्याला ते धरून ठेवत नाही. त्यासाठी गोळी वाढवून देतो." शिवाय दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. चक्कर आली की असाल तिथं खाली बसा, आणि घरी एकटे असाल तेव्हा दाराला आतून कडी लावू नका. पडलात तर कोणाला तरी आत येता आलं पाहिजे.

रोज रात्री दिवसभराचं लिहून ठेवायची मला जुनी सवय आहे, त्यामुळे कशापाठोपाठ काय घडलं याकडे माझं लक्ष आपोआप जातं. नळ यायचा दिवस हा माझा आडवं पडायचा दिवस ठरतोय, हे पहिल्यांदा ध्यानात आलं. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदाच येतो आणि त्या दिवशी चांगुणा हंडे घेऊन गच्चीवरच्या टाकीपर्यंत खालीवर करत असते. मी खाटेवर निवांत लसूण सोलत असायचो, आणि जिन्यावर तिचं पाऊल वाजलं की माझी नाडी उड्या मारायला लागायची. ती खाली येऊन टेकली की मीही शांत. एका स्टार्टरवर दोन मोटारी जोडल्या की असंच काहीतरी होतं. मी तिला तसं सांगितलं.

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हंजे हंडे मी वाहू, आन दम तुमाले लागते?"

"तसंच दिसते."

"मग बरं हाय बाप्पा! मी म्हणतच होती, आजकाल मले थकवा काऊन येत नाई."

तिला ही थट्टा वाटली, म्हणून पडताळा घ्यायचं ठरलं. शेषराव माझं मनगट धरून खाटेशी बसला, मी डोळे मिटले, आणि चांगुणा कधीही, न सांगता, वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला गच्चीवर जाईल असं ठरलं. थोड्या वेळानं शेषराव कुजबुजला, "चढली बे." वरून खरोखरच तिच्या बांगड्या वाजल्या. मग नाडी निवली. "बसली," शेषराव म्हणाला, "शेजारणीसंग बोलत असंन." तेवढ्यात वानरांची टोळी मिरच्यांवर उतरली. चांगुणा काठी घेऊन त्यांच्यामागं धावली, हे मला नंतर कळलं, त्या क्षणी मला इतकंच कळलं की मी खाटेवरून खाली पडलोय आणि शेषराव वर तोंड करून ओरडतोय, "वयनी, मिरच्या जाऊ द्या वो! माणूस वाचवा!"

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं. चांगुणा बाजारात भराभरा चालली की बायका मागून हाक मारायच्या, "हळू वो, भाऊजी पडतीन!" ती घरी येऊन माझ्यावर चिडायची आणि चिडताना मात्र खाली बसून चिडायची.

हसण्यावारी गेलं ते एवढंच. पुढच्याच महिन्यात आमची लेक धम्मशीला सोनाळ्याला, सासरी, दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं. आता तिची सासू पाय मोडून पडलेली, थोरलं पोर अंगावरचं, म्हणजे आईला जाणं भागच होतं. बाळंतिणीच्या घरात बसून काम होत नाही. चांगुणानं जावं तर माझ्या जिवाला धोका, न जावं तर पोरीचे हाल. मी म्हटलं, "जाय तू." ती म्हणाली, "बसूबसू करीन सारं काम. तुमी कडी लावू नका, शेषरावभाऊ येऊन पाहातीन." एसटीत चढताना ती इतकी सावकाश चढली की मागच्या माणसानं तिला मोतीबिंदू आहे का विचारलं.

तिकडे नातू झाला. फोन यायच्या आधीच मी शेषरावला पेढे आणायला सांगितले होते, कारण त्या सकाळी माझ्या छातीत जी धावपळ उडाली, ती साध्या कामाची नव्हती. त्यानंतर आमचं बरं जमलं. पाणी तापवलं, धुणं धुतलं, थोरल्याला पकडून आणलं, सगळं मला इथं समजायचं. मी फोन करून म्हणायचो, "टेक आता जराशी," आणि ती म्हणायची, "टेकलीच हाय, पाहा," आणि खरंच ठोके ओळीनं यायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा दिवस कसा जातो हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

काल दुपारी जेवून मी खाटेवर पडलो होतो. शेषराव खामगावला गेलेला. ऊन इतकं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. अचानक नाडी पळत सुटली. जिन्याची नव्हे, हंड्यांची नव्हे; जीव तोडून लांबवर पळावं तशी, न थांबता. भिंत कलली, मग छतही. मी खाटेची दोरी घट्ट धरली आणि उजव्या हातानं कसाबसा फोन लावला.

"काऊन पळून राह्यली वं? बस खाली!"

पलीकडून बाळाचं चुटचुटणं ऐकू आलं.

"मी तुमालेच फोन लावून राह्यली होती," चांगुणा म्हणाली. "मी तं केव्हाची बसेल हाय, बाळ मांडीवर हाय. माहीच छाती धडधडून राह्यली. मले वाटलं, तुमीच कुठी उठून पळाले."

"मी खाटेवर हाय."

"मग पळून कोन राह्यलं?"

फोन कानाला तसाच होता, आणि पळणं आता मंदावत होतं. दम घेत, पाऊल मोजत, घर जवळ आलं की माणूस चालायला लागतो तसं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "कडी लावेल हाय का?"

मी दाराकडे पाहिलं. कडी उघडीच होती. उठायचं म्हटलं, तर भिंत अजून सरळ झाली नव्हती.