चिमट्याला दोरा गुंडाळला, त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. गरम भांडी उचलणारा तो आडदांड चिमटा वेगळा, त्याचा माझा काही संबंध नाही. मी घड्याळजींचा चिमटा. माझे दोन पाय पोलादाचे, टोकाशी सुईसारखे बारीक. खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू उचलायचा आणि घड्याळाच्या पोटात नेमका नेऊन ठेवायचा, हे माझे काम.

कारखान्यात मला कापले, वाकवले, घासले, पण ते मला नीटसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले घड्याळजींच्या अंगठ्यात आणि बोटात. तेव्हा ते तरुण होते. डोळ्याला भिंग लावून ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारत आणि हात आपला मुकाट्याने काम करत राही. त्यांची पकड इतकी हलकी असे की मला धरले आहे की नुसते टेकवले आहे, असा मलाच प्रश्न पडे. लोक त्यांच्या हाताचे कौतुक करत आणि त्यातले थोडेसे मी आपल्या पदरात पाडून घेई.

एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. मला फार जोराने दाबले तर वस्तू पकडली जात नाही, ओल्या साबणासारखी सटकते. स्क्रू तर असा उडतो की कुठे गेला ते त्याचे त्यालाच ठाऊक.

वर्षे गेली आणि ती बोटे बदलू लागली. त्यांची कातडी कोरडी झाली, गुळगुळीत झाली. हात वस्तूवर जाऊन क्षणभर थबकू लागला. गप्पा थांबल्या, कारण आता हाताबरोबर डोळ्यांनाही जावे लागे. बोटांना बारीकसा कंपही सुटला. हे सगळे मी समजू शकत होतो. पण एक कोडे मला सुटेना. माणूस थकला की त्याची पकड सैल व्हायला हवी ना? घड्याळजींची पकड तर दिवसेंदिवस घट्ट होत चालली होती! माझे दोन्ही पाय एकमेकांवर कचकन आपटत. हा जोर येतो कुठून आणि कशासाठी, याचा मी रात्रंदिवस विचार करी.

स्क्रू उडू लागले. घड्याळजींनी खापर माझ्यावर फोडले. भिंगाखाली माझी टोके तपासली, सरळ केली, आणि रोज संध्याकाळी पावडर लावून मला फडक्याने घासू लागले. मी आरशासारखा चकाकू लागलो. खोटे कशाला बोलू, मला ते आवडलेही. पण स्क्रू पूर्वीपेक्षा लांब उडू लागले.

अशातच एक बस ड्रायव्हर आपल्या आईचे मनगटी घड्याळ घेऊन आला. आई नुकतीच गेली होती. घड्याळ नखाएवढे, आणि त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. तो गेल्यावर घड्याळजी आपल्या थोरल्या बहिणीकडे वळले. ताई दुकानातच खुर्ची टाकून विणत बसत आणि आल्यागेल्याची चौकशी करत.

"ताई, यातला एक स्क्रू जरी हरवला ना, तर मी दुकान बंद करणार," घड्याळजी म्हणाले. "लोकांच्या वस्तूंशी खेळ नको."

दुकान बंद म्हणजे मी फडताळात आणि घड्याळजी खिडकीत बसून.

आणि स्क्रू उडालाच. दोघेही म्हातारे गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधू लागले. कोण कुणाला उठवणार, यावरून थोडा वादही झाला. शेवटी स्क्रू ताईंच्या लोकरीच्या गुंड्यात सापडला. तो भावाच्या हातावर ठेवताना ताईंना त्याच्या बोटांवर लाल वळ दिसले. ते माझे वळ होते.

"इतका दाबतोस कशाला रे?" त्यांनी विचारले.

"दाबतोय कुठे? जेमतेम धरतो, सुटू नये म्हणून."

"जेमतेम धरल्यावर असे वळ उठतात होय? मीही कागदी पेल्यातला चहा असाच सांडायचे. धरलाय की नाही ते बोटांना कळायचंच नाही, म्हणून दाबत सुटायचे." मग त्यांनी मला हातात घेऊन पाहिले. "आणि हा बघ कसा निसटतोय. त्यात तू त्याला रोज चकचकीत करतोस."

माझे कोडे सुटले. त्या जोरामागे भीती होती. बोटांना माझा पत्ता लागत नव्हता, म्हणून ती मला आवळत होती.

ताईंनी सुती दोरा घेतला आणि बोटे टेकतात तिथे माझ्या पायांना घट्ट गुंडाळला. माझा सगळा तोरा उतरला. आता याला कानटोपीही विणून टाक, असे घड्याळजी कुरकुरले. तरी त्यांनी मला उचलले. दोऱ्याचा खरखरीतपणा त्यांच्या बोटांना लागला आणि हळूहळू माझ्यावरचा भार कमी झाला. कंप होताच. त्यांनी करंगळी टेबलाच्या कडेला टेकवली, हात स्थिर होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच मला खाली नेले.

स्क्रू बसला. घड्याळ टिकटिकू लागले.

"चालू झालं गं, ताई," घड्याळजी म्हणाले. त्यांनी घड्याळ ताईंच्या कानाशी धरले. मला इतका आनंद माझ्या चकाकीनेही कधी दिला नव्हता.

दुकान उघडेच राहिले. काम कमी येते, उशिरा होते, आणि गिऱ्हाईक थांबते. माझा दोरा मळला की ताई नवा गुंडाळतात. आता माझे कौतुक कोणी करत नाही, आणि मला त्याचे काही वाटत नाही.

मित्रांनो, रस्ता ओलांडताना घरातले एखादे म्हातारे माणूस तुमचा हात इतका आवळते की बोटे दुखतात. तेव्हा हात ओढून घेऊ नका. तुम्ही हाताशी आहात, हे त्या बोटांना अजून कळलेले नसते. तुम्हीही त्यांना थोडेसे दाबा, म्हणजे कळेल.