अकरा अध्यक्ष आणि एक सदस्य

कॉलेजच्या ऑनर्स वर्गात बारा विद्यार्थी होते आणि त्यांतले अकरा अध्यक्ष होते. नियमच तसा होता. अभ्यासात कोणी कितीही चमकलं तरी, अभ्यासेतर उपक्रमांच्या फायलीत ‘नेतृत्व’ या रकान्यात दहा गुण नसले तर ऑनर्समधून नाव कमी. नेतृत्व म्हणजे काय, तर कुठल्यातरी मंडळाचं अध्यक्षपद. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखी मंडळं उगवली. आकाशदर्शन, बुद्धिबळ, नाट्य, वक्तृत्व, वेळेचं नियोजन, मौनसाधना.

बारावी होती टाळी. मुलीचं खरं नाव दुसरंच, पण प्रत्येक सभेत समोर बसून टाळ्या वाजवणारी ती एकटीच, म्हणून हे नाव पडलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की आधी सगळीकडे जाऊन बघू, मग आपलं काढू. बघता बघता सत्र संपत आलं.

दुसरा एक नियम होता. प्रत्येक सभेच्या हजेरीपत्रकावर ऑनर्स वर्गातल्याच एका तरी साध्या सदस्याची सही हवी, आणि एका मंडळाच्या अध्यक्षाची सही दुसऱ्या मंडळात चालायची नाही. मागच्या वर्षीच्या मुलांनी एकमेकांच्या कागदांवर सह्या करून सभा चहाच्या टपरीवरच उरकल्या होत्या, त्यावर हा उतारा. अकरा मंडळांची मिळून सदस्यसंख्या त्यामुळे एक होती. टाळी.

शुक्रवारी फायली बंद होणार होत्या. मंगळवारी उपक्रमांच्या मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांचा रकान्यांवर फार जीव. टाळीच्या नावापुढचं शून्य त्यांनी पेन्सिलीने दाखवलं आणि गुरुवारपर्यंत स्वतःचं मंडळ काढ, नाहीतर ऑनर्सची जागा जाईल, असं समजुतीने सांगितलं.

ऑनर्समध्ये जागा मिळावी म्हणून टाळीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला होता. घरी आत्याच्या शिवणयंत्राशेजारी बसून तिने अर्ज भरायला घेतला. आत्याने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि दोरा दातांनी तोडला.

"सगळेच नवरदेव झाल्यावर वऱ्हाडात कोण जाणार गं?"

"ते माझ्या अर्जात कुठे लिहू, आत्या?"

आत्याने सुईत नवा दोरा ओवला. अर्ज भरून झाला.

बुधवारी सकाळी ही बातमी वर्गात फुटली आणि अकरा अध्यक्षांचं धाबं दणाणलं. टाळी अध्यक्ष झाली तर शेवटच्या सभांवर सही कोण करणार? सगळे तिच्या बाकाभोवती जमले. वक्तृत्वच्या अध्यक्षाने तीन मुद्दे मांडले, त्यातला तिसरा पहिल्याच्या विरुद्ध होता. मौनसाधनेची अध्यक्ष सर्वांत जास्त बोलली. नाट्यची अध्यक्ष खरोखरीचं रडली, आणि हे नाटकात का जमत नाही असं तिला कोणीतरी विचारलंही. वेळेच्या नियोजनाचा अध्यक्ष सगळं संपल्यावर आला.

शेवटी ही वरात मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. टाळी अध्यक्ष, म्हणजे सदस्य कोणी नाही. सदस्य नाही, म्हणजे अकराही मंडळं अपुरी. टाळीच्या मंडळातही कोणी नाही, म्हणजे तेही अपुरं. बाराच्या बारा शून्यं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजलं. शून्यं तेवढीच भरली.

"तू इतक्या सभांना जाऊन केलंस तरी काय?" त्यांनी जरा वैतागूनच विचारलं.

टाळीने वही पुढे केली. आकाशदर्शनाच्या पहिल्या तीन सभांत दुर्बिणीभोवती उभं राहून नुसते फोटो काढले गेले होते. चौथ्या सभेत तिने विचारलं होतं, झाकण काढलं तर जास्त दिसेल का. झाकण काढलं, आणि चंद्रावरचे खड्डे दिसले. नाट्य मंडळ सहा आठवडे बोधचिन्हावर भांडत होतं. नाटक कधी, असं तिने विचारल्यावर कोणीतरी पहिला प्रवेश लिहून आणला. बुद्धिबळाच्या अध्यक्षाकडून ती घोडा चालवायला शिकली होती, आणि तिला शिकवताना तोही नियम नीट शिकला होता. अशी पानंच्या पानं.

मॅडम वाचत राहिल्या. खोलीत अकरा अध्यक्ष उभे होते आणि कोणीही बोलत नव्हतं. मौनसाधना मंडळाची हीच काय ती यशस्वी सभा.

"याला रकाना नाही गं माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पट्टी घेतली आणि एक रकाना आखला. वर लिहिलं, ‘सदस्यप्रमुख’. समोर दहा गुण. हे अध्यक्षपद नसल्यामुळे तिची सही सगळीकडे चालेल, असा खुलासाही खाली जोडला. टाळीने आपला अर्ज परत घेतला, त्याची चार घड्यांची पट्टी केली आणि वहीत खूण म्हणून ठेवली. शुक्रवारी बारा फायली पूर्ण होऊन बंद झाल्या.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर पुढच्या सत्रासाठी दहा राजीनामे होते, आणि सदस्यप्रमुखपदासाठी दहा अर्ज. नुसतं बसून दहा गुण मिळतात, हे वर्गाला उशिरा कळलं होतं, पण पक्कं कळलं होतं. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या.

अकरावा अर्ज बुद्धिबळाच्या खोलीत होता, अर्धा भरलेला. अध्यक्ष पेनचं टोपण चावत बसला होता. समोर गुरुवारच्या सभेतला अर्धा डाव तसाच मांडलेला.

"तूही?" टाळीने विचारलं.

"भरणार होतो. पण तुझा घोडा माझ्या वजिरावर आहे, तोच डोक्यातून जाईना."

टाळी समोर बसली. सवयीने त्याने हजेरीपत्रक शोधलं. सत्र संपलेलं, कागद संपलेले. चाल तिचीच होती, तिने वजीर मारला. त्याने अर्ज पालथा करून त्याच्यावर मेलेला वजीर ठेवला आणि उंट उचलला.