पुसलेला तवा

समजा, मे महिन्यातली दुपार आहे आणि तुम्ही मिठागराच्या बांधावर बसला आहात. समोरच्या चौकोनी वाफ्यांत खाडीचं पाणी आटून मिठाचा पांढरा थर धरला आहे. त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही. सकाळपासून तुम्ही इकडून तिकडे पळताय, त्यामुळे भूक कडकडून लागली आहे. अशा वेळी कुणीतरी तुमच्या हातावर तांदळाची भाकरी आणि कैरीची फोड ठेवतं. तुम्ही काय कराल? खाल. सरूनेही तेच केलं.

सरू दहा वर्षांची होती. साल १९९४. ती रोह्याजवळच्या खांब गावची, तिच्या घरी भाताची आणि वालाची शेती. सुट्टीत ती पेणजवळ खाडीकाठी सगुणाआत्याकडे राहायला आली होती. आत्याच्या घरात आत्या, पुंडलिक आतोबा आणि त्यांची आई काशीबाई अशी तीन माणसं. तिघंही मिठागरावर कामाला जात.

येताना सरूच्या आईने आत्याला एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. सरूला कोळंबी चालत नाही. आदल्या वर्षी एका लग्नात तिने कोळंबी खाल्ली आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही ॲलर्जी आहे. कोळंबी, सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, बारीक जवळा, यांपैकी काही नको, चिमूटभरसुद्धा नको. आणि पुन्हा असं झालं, घसा आवळल्यासारखा वाटला, तर घरी थांबायचं नाही.

आतोबांना हे काही पटलं नव्हतं.

"चिमूटभरानं काय व्हतंय गो?" ते म्हणाले होते. "मला दूध पचत नाय. पेलाभर प्यालो तर पोटात ढग गडगडतात. त्रास मला कमी आणि शेजारच्यास्नी जास्त!"

सरू खूप हसली होती.

"पण चहातलं दूध चालतं मला. तुझंबी तसंच असंल. थोडं थोडं खाल्लं की सवय व्हते."

"अवो, तिला काय शिकवताय?" आत्या ओरडली. "वैनीनं तीन बारी सांगितलंय."

काशीबाईंनी मात्र आपल्या परीने काळजी घ्यायला सुरुवात केली. सरूचं ताट वेगळं, वाटी वेगळी. पोर आहे तोवर घरात कोळंबीचं कालवण करायचं नाही. हे सगळं त्यांनी कुणी न सांगता केलं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

तर त्या दुपारी सरूने अर्धी भाकरी खाल्ली. मग तिच्या ओठांना मुंग्या आल्या. तिने मान खाजवली, दंड खाजवले. आत्याने बाही वर करून पाहिलं, तर लाल गांध्या उठलेल्या.

"पित्त उठलंय," काशीबाई म्हणाल्या. "उन्हात फिरली ना. आमसूल भिजत घाल सगुणा, अंगाला चोळू. घटकाभरात उतरंल."

आपल्याकडे अंगावर गांध्या उठल्या की पित्त म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावतात. काशीबाईंनी चार पोरांना तेच लावलं होतं आणि चौघंही बरी झाली होती. त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत.

"काय खाल्लंस गो?" आतोबांनी विचारलं.

"भाकरी. कैरी."

"मग कोळंबीचा काय संबंध? पड जरा. पोटातून गेलं की बरं वाटंल. माझं तसंच असतं."

सरू पडली नाही. तिने घशाला हात लावला. बोलली तेव्हा आवाज घोगरा निघाला, तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आत्या, घसा आवळतोय. मला दवाखान्यात ने. आत्ताच ने."

आत्याने आमसुलाची वाटी खाली ठेवली. बांधापलीकडच्या रस्त्यावर महिपती ड्रायव्हरचा ट्रक मिठाची पोती भरून निघायच्या बेतात होता. आतोबा ओरडत पुढे पळाले, तोवर आत्याने सरूला उचललं. काशीबाईही मागे न राहता ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या, आतोबा मागे पोत्यांवर. पेण अर्ध्या तासावर. महिपतीने वीस मिनिटांत गाठलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरूचे ओठ पाहिले, छातीला नळी लावली आणि लगेच मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने सरूचा श्वास मोकळा झाला. तरी बाईंनी तिला सोडलं नाही. हा त्रास उतरून पुन्हा उलटू शकतो, म्हणून संध्याकाळपर्यंत खाटेवर ठेवलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"भाकरीबरोबर काय होतं?"

"कैरी."

"भाकरी कुणी भाजली?"

"मी," काशीबाई म्हणाल्या. "कोळंबी घरात नाय आली आठ दिवस."

"त्या तव्यावर आधी काय भाजलं होतं?"

"जवळा भाजला पहाटे, पुंडलिकाला. पण तिच्या ताटात नाय घातला! आणि तवा पुसला व्हता मी."

"धुतला नाही?"

"मातीचा तवा हाय बाई. धुतला तर तडकंल. पुसूनच वापरतात."

काशीबाईंचं काम चोख होतं. गावात सगळ्याच घरी तवा असाच पुसला जातो. पण जवळा हाही कोळंबीच्याच जातीतला, फार बारीक. त्याचा चुरा मातीच्या छिद्रांत बसतो आणि भाकरीला लागतो.

"एवढ्याशा चुऱ्यानं?" आतोबांनी विचारलं. "मला तर दूध..."

"तुमचं वेगळं," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोटाला दूध पचवता येत नाही. थोडं प्यालात तर निभतं, जास्त प्यालात तर पोट बिघडतं. त्रास होतो, पण जीव जात नाही. हिच्या अंगाला कोळंबी शत्रू वाटते. शत्रू केवढा आहे ते शरीर मोजत नाही, अंगभर लढाई सुरू करतं. त्यात श्वासाची वाट बंद होऊ शकते. आणि सवय लावायला म्हणून घरी थोडंथोडं द्यायचं नाही. कधीच नाही."

आतोबांनी मान खाली घातली. त्यांना त्यानंतर दुधाची गोष्ट सांगताना कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातून खास सरूच्या भाकरीसाठी नवा तवा आणला आणि चुलीजवळ ठेवला. काशीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चाळीस वर्सं भाकऱ्या भाजते," त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "आता माझ्या हातचं इख झालं."

"आई, तसं कोण म्हणतंय?" आत्या म्हणाली.

"म्हणाया कशाला पायजे?"

मग आत्या पाण्याला गेली, आतोबा कामावर. चुलीजवळ दोन्ही तवे होते, जुना आणि नवा, आणि दोन्ही गरम. काशीबाईंनी सरूच्या ताटात भाकरी वाढली, शेजारी गुळाचा खडा ठेवला आणि समोर बसल्या. रात्री झोपल्या नसाव्यात, डोळे लाल होते.

सरूला भूक लागली होती. विचारलं तर काशीबाई आजीच्या मनाला लागेल, हे तिला कळत होतं. काल आजी ट्रकमध्ये सगळी वाट तिचा पाय धरून बसली होती, तेही तिला आठवत होतं. भाकरीकडे बघून ती कुठल्या तव्यावरची हे काही समजत नव्हतं.

सरूने हात मांडीवर ठेवले.

"आजी," ती म्हणाली, "ही कुठच्या तव्यावरची?"

आणि उत्तर येईपर्यंत तिने भाकरीला हात लावला नाही.