आतून लावलेली कडी

टोर्नॅडो म्हणा, नाहीतर लोक म्हणत तशी सोंड म्हणा, ती आभाळातून उतरली आणि तिने त्या शिवाराची पार वाट लावली. झाडांच्या अंगावर साल ठेवली नाही. गोठ्याच्या उडालेल्या पत्र्याने एक गाय मधोमध चिरली. ती अजून तशीच पडली होती, कारण ओढायला ट्रॅक्टर हवा आणि ट्रॅक्टर तळ्यात उलटा.

हवामान खात्याची बाई आली होती वाऱ्याचा जोर ठरवायला. वारा काही मागे सही ठेवून जात नाही. खिळे उपटले की तुटले, दार आत ढकललं की बाहेर ओढलं, यावरून तो ओळखायचा. बाईची सवय अशी, की दिसेल ते मोठ्याने बोलून गळ्यातल्या रेकॉर्डरमध्ये भरायचं. लिहायला मान खाली घातली की नजर चुकते, असं तिचं म्हणणं. ओसाड शिवारात बडबडून कोणाचं काय बिघडणार?

दोघा भावांच्या ज्या घरापाशी ती आली, त्याचं फक्त जोतं उरलं होतं आणि जमिनीतलं तळघर. तळघरात धाकटा भाऊ आणि थोरल्याची लहान मुलगी वाचली. दार अडकून बसलेलं, म्हणून शेजाऱ्यांनी बिजागऱ्या फोडून त्यांना काढलं. थोरल्याची बायको बांधापलीकडे मेलेली सापडली. थोरला तेव्हा बाजाराला गेला होता. धाकट्याने त्याला सांगितलं, वहिनी तळघरापर्यंत पोचलीच नाही.

काढून ठेवलेल्या दारावर बाई वाकली. "तळघराचं दार. कडी आतून लावलेली, वाऱ्याच्या ओढीने बाहेर वाकलेली. बाहेरच्या फळीवर नखांचे ओरखडे, ताजे. फटीत तुटलेलं एक नख."

"कसलं नख?"

बाईने वळून पाहिलं. थोरला फावडं घेऊन मागेच उभा होता. तिने रेकॉर्डर मुठीत झाकला. पण बोललेलं का परत गिळता येतं?

धाकटा पलीकडे पत्रे गोळा करत होता. थोरला तिकडे धावला. फावड्याचा पहिला घाव धाकट्याच्या बरगड्यांवर बसला आणि हाड मोडल्याचं बाईला ऐकू आलं.

"पोचलीच नाही म्हणालास ना!"

दुसरा तोंडावर. दातासकट रक्त उडालं. धाकटा अंगाने थोरल्याच्या दीडपट. मनात आणलं असतं तर भावाला उचलून आपटलं असतं. पण गड्याने हातसुद्धा वर केला नाही. बाई धावत जाऊन फावड्याच्या दांड्याला लोंबकळली, तर थोरल्याचं कोपर तिच्या नाकावर बसलं.

"अहो, ऐका!" रक्त पुसत ती ओरडली. "तेव्हा कडी काढली असती तर वाऱ्याने दार नेलं असतं, आतल्या दोघांनाही नेलं असतं! तुमची मुलगी उरली नसती!"

"मग खोटं का बोलला हा?"

उत्तर जोत्याआडून धावत आलं. मुलगी काकाच्या पायांना मिठी मारून किंचाळली, "बाबा, नका ना मारू! काका उघडत होता. आई हाका मारत होती. मीच उघडू दिलं नाही. मी त्याला कडकडून चावले. मला भीती वाटली, बाबा."

धाकट्याने बाही झटकन खाली ओढली. थोरल्याच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं, त्याला दिसलं नाही. बाईला दिसलं. मनगटावर बारक्या दातांच्या दोन ओळी, काळ्यानिळ्या.

"काहीतरीच बोलतेय, दादा," धाकटा म्हणाला. त्याला धड बोलताही येत नव्हतं. "पोर आहे. मला वाचवायला बघतेय. कडी मी लावली. घाबरलो मी. मार तू मला."

थोरला बाईकडे वळला. "तुम्हाला नुसतं बघून कळतं ना सगळं? मग सांगा. कोणाचं खरं?"

खरं बोलावं तर पोरीने आईचं मरण जन्मभर बापाच्या डोळ्यांत बघायचं. खोटं बोलावं तर हा माणूस आत्ता, इथेच मरायचा. धाकटा तिच्याकडे एकटक पाहत होता. तो जीव मागत नव्हता, एवढं तिला कळलं.

"तुमच्या भावाचं," ती म्हणाली.

थोरल्याने फावडं उचललं. धाकट्याने पोरीचं तोंड आपल्या पोटाशी घट्ट दाबलं, तिचे कान हातांनी झाकले आणि मान खाली घातली.